नझूल आणि मंझिल

नागपूर-अमरावतीकडे 'नझूल' हा शब्द शाळकरी पोरालाही ठाऊक असतो. घर घ्यायचा विषय निघाला की वडीलधारी माणसे आधी विचारतात, "जागा मालकीची आहे की नझूलची?" नझूल म्हणजे सरकारी जागा, पट्ट्याने वापरायला दिलेली. शब्द मूळचा अरबी. 'नुझूल' म्हणजे उतरणे, खाली येणे. कुराणातल्या आयती अवतरल्या, त्यालाही आम्ही नुझूलच म्हणतो. जिला वारस उरला नाही किंवा जी जप्त झाली ती जमीन सरकारकडे उतरली, म्हणून ती नझूल. गंमत अशी की 'मंझिल' हा शब्दही त्याच धातूपासून झाला आहे. वाटसरू जिथे सामान उतरवतो आणि मुक्काम करतो ती मंझिल.

एकाच मुळाचे हे दोन शब्द आपल्या देशात फार काळ कोर्टाच्या पायऱ्या चढत-उतरत आहेत. सरकार म्हणते, ही आमची नझूल. माणूस म्हणतो, ही माझी मंझिल. बापाने इथेच सामान उतरवले, मी इथेच जन्मलो. आज या भांडणाविषयी बोलायचे आहे.

मी कवी आहे, बी.ए.पर्यंत शिकलेला. वकिलीची सनद माझ्याजवळ नाही. पण जमिनीच्या कागदांची भाषा मला परकी वाटत नाही, कारण तिचे निम्मे शब्द माझ्या घरातले आहेत. कब्जा, दखल, बेदखल, सनद, दस्त, हक्क. यातल्या 'हक्क' या शब्दाचा अरबीत आणखी एक अर्थ आहे, सत्य. त्यामुळे कोणाचा हक्क किती, हे ठरवणे म्हणजे खरे काय आहे ते ठरवणे. आणि खरे काय ते ऐकून घेतल्याशिवाय कळत नाही.

जुन्या मराठी मुलखात गावकऱ्यांचे दोन प्रकार असत, मिरासदार आणि उपरी. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. तो दुष्काळात गाव सोडून गेला आणि बऱ्याच वर्षांनी परतला, तरी आपली जमीन मागू शके. उपरी मात्र बाहेरून आलेला. तो कसत होता तोवर जमीन त्याची. त्याचे मूळ मातीत रुजले असे गाव मानत नसे. इंग्रजांनी या व्यवस्थेवर आपली मोजणी आणि आपले कायदे बसवले. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याच्या कलम ३७ ने सांगितले की, जी जमीन दुसऱ्या कोणाची नाही ती सरकारची. स्वातंत्र्यानंतर १९६६ मध्ये महाराष्ट्र जमीन महसूल संहिता आली, तिच्या कलम २० मध्येही हेच तत्त्व कायम राहिले. व्यवहारात याचा अर्थ असा होतो की, जमीन आपली आहे हे दाखवण्याचे ओझे बहुधा रहिवाशाच्या डोक्यावर येते. कागद सापडला नाही तर जमीन सरकारकडे 'उतरते'.

दीर्घ कब्जाला कायद्यात काहीच किंमत नाही असे मात्र नाही. खासगी मालकाने १२ वर्षे दावा केला नाही, तर उघडपणे आणि त्याची मालकी नाकारून कब्जा ठेवणाऱ्याविरुद्ध त्याचा हक्क संपू शकतो. सरकारला यासाठी १९०८ च्या मुदत कायद्यात ६० वर्षे दिली होती. १९६३ च्या कायद्याने ती ३० वर आणली. पण यात एक मेख आहे. जो रहिवासी इमानदारीने सरकारला भाडे भरतो, पट्टा मागतो, त्याने जागा सरकारची आहे हे मान्यच केलेले असते. त्यामुळे त्याचा कब्जा कितीही जुना असला तरी त्याला मालकी सांगता येत नाही. सरळ वागणारा इथे मागे राहतो!

आता मुंबईकडे वळू. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत शहरातल्या झोपडीवासीयांना उचलून ट्रॉम्बेच्या बाजूला, तेव्हाच्या माळरानावर, पाठवण्यात आले. पाठवणारी होती खुद्द महापालिका. त्या वसाहतीचे नाव जनता कॉलनी. लोकांनी ती राहण्यासारखी केली. पुढे शेजारी अणुसंशोधनाचे केंद्र उभे राहिले आणि तीच जमीन त्या केंद्राला हवी झाली. ज्यांना सरकारी यंत्रणेने हाताला धरून तिथे नेले होते, ते आता अडथळा ठरले. जॉकिन अर्पुथम या तरुणाने रहिवाशांना संघटित केले. हेच जॉकिन पुढे झोपडीवासीयांच्या चळवळीचे जगभर ओळखले जाणारे नेते झाले आणि २००० मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. प्रकरण कोर्टात लढले गेले, पण देशात आणीबाणी होती. मे १९७६ मध्ये सुमारे ७० हजार लोकांची ती वसाहत हलवण्यात आली. लोक गेले चिता कॅम्पला. आज मुंबईत चिता कॅम्प म्हटले की दाट वस्तीचे चित्र डोळ्यांसमोर येते. ती वस्ती एका बेदखलीतून जन्मली, हे फार थोड्यांना माहीत असते.

त्याच वर्षी, १९७६ च्या जानेवारीत, राज्य सरकारने मुंबईतल्या सार्वजनिक जमिनींवरील झोपड्यांची गणना केली होती. १,६८० वस्त्या, ६ लाख २७ हजार कुटुंबे आणि २८ लाख ३२ हजार माणसे मोजली गेली. मोजलेल्या कुटुंबांना ओळखपत्रे मिळाली. ज्यांना कायदा अनधिकृत म्हणत होता, त्यांच्या हाती सरकारनेच कागद दिला. हे लक्षात ठेवा, कारण पुढच्या गोष्टीत त्या कागदाला मोल आले.

१३ जुलै १९८१. मुंबईत मुसळधार पाऊस. मुख्यमंत्री बॅरिस्टर अ. र. अंतुले यांनी जाहीर केले की, पदपथांवर राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवले जाईल किंवा शहराबाहेर नेले जाईल. अंतुले हे महाराष्ट्राचे पहिले मुस्लिम मुख्यमंत्री. मी तेव्हा शाळेत होतो आणि आमच्या मोहल्ल्यात त्यांच्याविषयी मोठा अभिमान होता. आज मागे वळून पाहताना वाटते, बेदखल करणाऱ्या हुकमाला जात-धर्म नसतो. त्याला खुर्ची असते. समोरच्या माणसाला मात्र पाऊस लागतो.

या कारवाईविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही पदपथवासी कोर्टात गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात अर्जदारांची जी हकिकत नोंदली आहे, ती वाचताना कादंबरी वाचत असल्यासारखे होते. एक जण तमिळनाडूतल्या सेलमचा भूमिहीन मजूर. दुष्काळाने काम गेले म्हणून १९६१ मध्ये तो मुंबईत आला. एका रासायनिक कारखान्यात २३ रुपये रोजावर लागला. पदपथावरच्या प्लास्टिक आणि कॅनव्हासच्या आडोशासाठी झोपडीदादाने त्याच्याकडून २,५०० रुपये उकळले. दुसरा आपल्या अहमदनगर जिल्ह्यातला, संगमनेरचा चर्मकार. गावात दिवसाला सात-आठ रुपये मिळत. गावातले घर पडले आणि १९६९ मध्ये तो मुंबईत आला. बदली कामगार म्हणून महिना ३५० रुपयांवर राहिला. तुळशीवाडीत पदपथावरच्या जागेसाठी त्याने गुंडाला ३०० रुपये मोजले. बांबू आणि प्लास्टिकला वर ७०० लागले. म्हणजे 'फुकट बळकावलेली' म्हणतात ती जागा त्यांना फुकट मिळालीच नव्हती. पैसे सरकारी तिजोरीऐवजी गुंडाच्या खिशात गेले, एवढेच.

२३ जुलै १९८१ ला सेलमच्या कुटुंबाची झोपडी पाडली गेली आणि सगळ्यांना सेलमच्या बसमध्ये बसवण्यात आले. बायको-मुली तिकडे राहिल्या. तो मात्र कामासाठी परत मुंबईत आला आणि पुन्हा पदपथावरच आडोसा शोधून राहिला. न्यायालयाने या सगळ्याला लपंडाव म्हटले आहे.

याच प्रकरणात विलेपार्ल्याच्या कामराज नगरचाही प्रश्न होता. पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या कडेची ही पाचशेहून अधिक झोपड्यांची वस्ती साधारण १९६० च्या सुमाराची. ती वसवली महामार्गालगत पाण्याचे नळ टाकणाऱ्या मजुरांनी. शहराला पाणी पोहोचवायला आलेले हात तिथेच राहिले. ते शहरात उपरे ठरले.

निकाल आला १० जुलै १९८५ रोजी. पाच न्यायमूर्तींचे पीठ होते आणि निकाल लिहिला होता सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी. दुसऱ्याच दिवशी ते निवृत्त झाले. या निकालाने राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो असे सांगितले. माणूस पदपथावर हौसेने राहत नाही, काम जवळ असते म्हणून राहतो. जागा काढून घेतली की काम जाते आणि काम गेले की जगणे जाते. हा युक्तिवाद साधा आहे, पण देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने तो कागदावर आणला म्हणून तो मोठा.

मात्र लोक बहुधा निकालाचा एवढाच भाग सांगतात. दुसरा भागही सांगायला हवा. न्यायालयाने महापालिका कायद्याचे कलम ३१४ कायम ठेवले. या कलमाने आयुक्तांना रस्त्यावरचे अतिक्रमण नोटीस न देता हटवता येते. पदपथ चालणाऱ्यांसाठी आहे, त्यावर घर बांधण्याचा हक्क कोणाला नाही, असेही सांगितले. म्हणजे अर्जदार तत्त्वात जिंकले, जागेच्या बाबतीत हरले. पण त्या कलमाचा अर्थ लावताना न्यायालयाने एक महत्त्वाची गोष्ट केली. महापालिकेचे म्हणणे असे की, या लोकांना ऐकून घेऊन काय उपयोग, त्यांच्याजवळ सांगण्यासारखे आहेच काय? न्यायालय म्हणाले, ऐकून घेण्याचे मोल निष्कर्षावर ठरत नाही. ज्याच्या आयुष्याचा निर्णय होतो आहे त्याला बोलू देणे, हा त्याच्या माणूसपणाचा मान आहे. नोटिशीशिवाय हटवण्याचा अधिकार अपवादाने वापरायचा असतो.

आणि हातात काय पडले? पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, कोणाला हलवू नये. १९७६ ची ओळखपत्रे असलेल्यांना पर्यायी जागा द्यावी. मात्र ती आधी दिलीच पाहिजे अशी अट नाही. २० वर्षांहून जुन्या आणि सुधारलेल्या वस्त्या सार्वजनिक कामासाठी गरज असल्याशिवाय हटवू नयेत. इथपासून महाराष्ट्रात 'कोणत्या सालचा पुरावा' हा प्रश्न घराघरात शिरला. १९७६, मग १९८०, १९८५, पुढे १ जानेवारी १९९५, १ जानेवारी २०००. माणसाची मंझिल कॅलेंडरच्या एका पानावर अवलंबून राहू लागली. एकाच गल्लीतले दोन शेजारी, एक पात्र आणि एक अपात्र. शिधापत्रिका, वीजबिल, मतदार यादीतले नाव, लोक हे सारे दागिन्यांसारखे जपू लागले. आमच्या घरीही आजोबांच्या पट्ट्याचा कागद पत्र्याच्या पेटीत, मलमलच्या फडक्यात गुंडाळलेला असे. तो वाचता कोणालाच धड येत नव्हता, पण घराला आग लागली तर आधी काय उचलायचे हे सगळ्यांना माहीत होते.

या साऱ्यात एक प्रश्न तसाच राहतो. जमीन सरकारची आहे, असे ठरवले कोणी? पदपथाबाबत वाद नसतो. पण जिथे वाद आहे तिथे सरकारी खाते स्वतःच दावा सांगते आणि सार्वजनिक जागांसाठीच्या १९७१ च्या कायद्याप्रमाणे सुनावणी घेणारा अधिकारीही बहुधा त्याच बाजूचा असतो. याविषयी १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हैदराबादच्या एका प्रकरणात स्पष्ट निर्णय दिला होता. हबसीगुडा भागातली ही जमीन उस्मानिया विद्यापीठासाठी संपादित केली होती, पण तिच्या काही भागावर एका जुन्या घराण्याचा दीर्घ कब्जा होता. विद्यापीठ दिवाणी दाव्यात यशस्वी झाले नाही, तेव्हा १९०५ च्या अतिक्रमण कायद्याखाली तहसीलदारामार्फत झटपट बेदखलीचा मार्ग धरण्यात आला. न्यायालयाने सांगितले, मालकीचा वाद खरोखरचा असेल तर 'जमीन आमचीच' असे सरकारने एकतर्फी ठरवू नये. त्याने इतरांसारखे दिवाणी कोर्टात जावे. कब्जा जितका जुना, तितका वाद खरा असण्याचा संभव अधिक. माझ्या मते या विषयातला हा सर्वांत न्याय्य विचार आहे आणि दुर्दैवाने सर्वांत कमी पाळला गेलेला.

याची आठवण झाली ती उत्तराखंडातल्या हल्द्वानीमुळे. तिथल्या रेल्वे स्थानकाजवळच्या बनभूलपुरा भागात दाट वस्ती आहे, बहुसंख्य मुस्लिमांची. सरकारी शाळा आहेत, पाण्याच्या टाक्या आहेत, मशिदी आहेत, मंदिरेही आहेत. रेल्वे म्हणते, जमीन आमची. रहिवासी म्हणतात, जमीन नझूलची. आमच्याजवळ पट्टे आहेत, घरपट्टीच्या पावत्या आहेत. फाळणीनंतर निघून गेलेल्यांच्या मालमत्तांच्या लिलावात जागा घेतल्याचे कागद आहेत, असेही काही जण सांगतात. १९०७ च्या एका सरकारी पत्रावरून ही जमीन नझूल ठरते का, यावर वकिलांनी शब्दांचा कीस काढला. २० डिसेंबर २०२२ रोजी उत्तराखंड उच्च न्यायालयाने रेल्वेच्या बाजूने निर्णय देऊन एक आठवड्याची नोटीस आणि गरज पडल्यास बळाचा वापर, असा आदेश दिला. ४,३६५ बांधकामे, ऐन हिवाळा. ५ जानेवारी २०२३ रोजी न्यायमूर्ती संजय किशन कौल आणि न्यायमूर्ती अभय ओक यांच्या पीठाने त्याला स्थगिती दिली. ५० हजार माणसांना सात दिवसांत उपटून काढता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेला नेमकी किती जमीन हवी, त्यात किती कुटुंबे येतात आणि त्यांचे पुनर्वसन कुठे करणार, हे आधी निश्चित करायला सांगितले.

१९८५ चा पावसाळा आणि २०२३ चा हिवाळा यांत जवळजवळ चाळीस वर्षांचे अंतर आहे. तरीही माणसाला मिळालेला दिलासा एकाच जातीचा आहे. जागा तुझी, असे कोणी म्हणाले नाही. एवढेच म्हणाले की, थांबा, घाई नको, आधी विचारा.

याला दुसरी बाजू आहे आणि ती टाळून चालणार नाही. सार्वजनिक जमीन ही कोणा एकाची नसते म्हणूनच ती सगळ्यांची असते. गायरानावर गावाची गुरे चरतात, तळ्यावर गाव पाणी पिते. २०११ मध्ये पंजाबमधल्या एका गावतळ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना सांगितले की, गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे काढण्याची योजना करा. कब्जा जुना आहे, खर्च मोठा केला आहे, ही सबब ऐकू नका. पण त्याच निकालात भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती-जमातींना सरकारी निर्णयाने दिलेल्या जमिनी आणि जिथे शाळा-दवाखाना उभा आहे अशा जागा यांना अपवाद ठेवला. तळे बुजवून बंगला बांधणारा आणि नळ टाकता टाकता कडेला राहिलेला मजूर, दोघांना एकच 'अतिक्रमण' हा शब्द लावणे हा भाषेचाही अन्याय आहे, असे कवी म्हणून मला वाटते.

१३ नोव्हेंबर २०२४ रोजी, आमच्या अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती विश्वनाथन यांनी बुलडोझरच्या कारवायांविषयी निकाल दिला. हिंदी कवी प्रदीप यांच्या घराविषयीच्या ओळींनी त्याची सुरुवात होते. बांधकाम पाडण्याआधी किमान १५ दिवसांची नोटीस, सुनावणी, कारणांसह आदेश, सारे त्यात आहे. पण त्यातही एक वाक्य आहे: रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी किंवा पाणवठा अशा सार्वजनिक ठिकाणच्या अनधिकृत बांधकामांना हे निर्देश लागू नाहीत. म्हणजे नोटिशीची सर्वाधिक गरज ज्यांना, त्यांच्या दाराशी येऊन हे संरक्षण थबकते. त्यांच्यासाठी १९८५ चा निकालच आधाराला उरतो, म्हणून तो विसरता कामा नये.

शेवटी, हे भाषण वाचणाऱ्यांत कोणाच्या दारावर अशी नोटीस लागली असेल, तर दोन शब्द. नोटीस फाडू नका, घेणार नाही असे म्हणू नका. ती कोणत्या तारखेला मिळाली ते तिच्यावरच लिहून ठेवा. मुदतीच्या आत लेखी उत्तर द्या आणि पोच घ्या. घरपट्टी, वीजबिल, शाळेचा दाखला, ज्या कशावर जुना पत्ता असेल त्याच्या प्रती वेगवेगळ्या दोन घरी ठेवा. वकिलाचे पैसे नसतील तर तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते. १९८७ च्या कायद्याप्रमाणे महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न पाहता, आणि इतर गरिबांना उत्पन्नाच्या मर्यादेत, तिथे मोफत वकील मिळतो. आणि सुनावणीला एकट्याने जाऊ नका, गल्ली मिळून जा. संगमनेरच्या त्या माणसाची हकिकत आज आपल्याला माहीत आहे, कारण तो कोर्टात गेला आणि कोणीतरी ती लिहून घेतली.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)